खासगी स्विमिंग पूलभोवती कुंपण: गोव्यातल्या पंचायतीने नियम कसा करावा आणि कसा राबवावा

आसगाव, शिवोली, हणजूण, मांद्रे, मोरजी या गावांतल्या नव्या व्हिलांच्या आराखड्यात खासगी स्विमिंग पूल आता सर्रास दिसतो. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, खासगी पूलवर कोणीच नसते. विहिरीला कठडा हवा हे गावात कोणाला शिकवावे लागत नाही. पूलला मात्र कठडा नसणे हीच त्याची शोभा मानली जाते. दिवाणखान्याचे सरकते काचेचे दार उघडले की दोन पावलांवर पाणी, अशी रचना जाहिरातीत छान दिसते. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी तीच सर्वांत धोक्याची आहे.

हा लेख पंच, सरपंच, पंचायत सचिव, ग्रामसभेत ठराव मांडू इच्छिणारे ग्रामस्थ आणि स्वतःच्या घरी पूल असलेले मालक यांच्यासाठी आहे. कुंपणाची मापे ऑस्ट्रेलियाच्या एएस १९२६.१ या प्रमाणकावर आधारलेली आहेत, कारण या विषयातला दीर्घ अनुभव तिथे आहे. परवानगीची वाट गोव्याची आहे.

नियम कशासाठी, हे आधी नीट समजून घ्या

लहान मूल पोहताना बुडते असा आपला समज असतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या राज्यांतल्या घरगुती पूलमधल्या अपघातांचा अभ्यास केला तेव्हा वेगळेच चित्र निघाले. ६९ टक्के मुले त्या वेळी पूलजवळ असतील असे कोणाच्या मनातही नव्हते. ७७ टक्के मुले नजरेआड होऊन पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ झाला होता. निम्म्याच्या आसपास मुले शेवटची दिसली ती घराच्या आत.

म्हणजे मूल घरातूनच पाण्याकडे जाते, आणि मोठ्यांचे लक्ष क्षणभर दुसरीकडे असताना जाते. एवढे लहान मूल पाण्यात पडल्यावर ओरडत नाही, हातपाय आपटून आवाजही फारसा करत नाही. म्हणून रस्त्याकडची उंच कुंपणभिंत शेजारच्या मुलाला अडवते, पण त्या घरातल्या मुलासाठी ती काहीच करत नाही. कुंपण हवे ते घर आणि पाणी यांच्यामध्ये, चारही बाजूंनी. ही एक गोष्ट ठरावातून गळली तर बाकीचा ठराव कितीही मोठा असला तरी फारसा उपयोगाचा राहत नाही.

कोणते पूल नियमात घ्यायचे

व्याख्या खोलीवरून करा, बांधकामाच्या प्रकारावरून नको. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी धरू शकणारा पूल नियमात येतो. तीच मर्यादा इथे घ्यावी. म्हणजे सिमेंटचा पूल, फायबरचा तयार पूल, जकुझी, गच्चीवरचा पूल आणि हवा भरून उभा करायचा मोठा पूल हे सगळे त्यात येतात. ‘मुलांचा उथळ भाग’ वगळू नका. ४५ सेंटिमीटर पाणी दोन वर्षांच्या मुलाला पुरेसे घातक असते.

मालकीनुसारही भेद करू नका. स्वतः राहणाऱ्याचे घर, वर्षातून एकदा उघडणारे दुसरे घर, दिवसाच्या भाड्याने दिला जाणारा व्हिला, सोसायटीचा सामाईक पूल, सगळ्यांना एकच माप.

कुंपण: मापे, साहित्य आणि इथे हमखास होणाऱ्या चुका

उंची किमान १.२ मीटर, आणि ती बाहेरच्या बाजूने, म्हणजे मूल जिथे उभे राहील त्या जमिनीपासून मोजायची. उभ्या गजांमधली मोकळी जागा १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतही तेवढीच. आडव्या पट्ट्या दोनच ठेवा, एक अगदी खाली आणि एक अगदी वर, आणि त्यांच्यात किमान ९० सेंटिमीटर अंतर ठेवा. पट्ट्या जवळजवळ असल्या तर ती शिडीच होते.

हिशेबासाठी उदाहरण घेऊ. पूल ८ बाय ४ मीटरचा, भोवती १.२ मीटर रुंद फरशी. कुंपणाचा आयत १०.४ बाय ६.४ मीटर, परीघ ३३.६ मीटर. एक मीटरचे फाटक वजा करा. २० मिलिमीटर जाडीचे गज मध्यापासून मध्यापर्यंत ११.५ सेंटिमीटरवर लावले तर मधली फट ९.५ सेंटिमीटर राहते आणि एकूण सुमारे २८० गज लागतात. फॅब्रिकेटर गज वाचवण्यासाठी १२ किंवा १३ सेंटिमीटरवर लावू पाहतो, म्हणून हे अंतर कामाच्या ऑर्डरमध्ये लिहूनच द्या.

किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचे गज वेल्डिंगच्या सांध्यापाशी, फरशीच्या लगेच वर, गंजून पातळ होतात. वरून रंग चांगला दिसतो आणि खाली गज हाताने वाकतो. पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम टिकते. स्टेनलेस स्टील घ्यायचे तर ३१६ ग्रेडचे घ्या. ३०४ समुद्राजवळ तांबूस डाग धरू लागते. समोरच्या शेताचे दृश्य अडते म्हणून कुंपण नको, हा आक्षेप फार वेळा येतो. त्याला १२ मिलिमीटर टफन्ड काचेचे कुंपण हे उत्तर आहे. ते महाग आहे, पण पूल बांधणाऱ्याला परवडत नाही असे म्हणता येत नाही.

आता चिऱ्याच्या भिंतीबद्दल, कारण ती गोव्यात सगळीकडे आहे. हद्दीची भिंत कुंपणाची एक बाजू म्हणून चालेल, पण आतून १.८ मीटर उंच असेल तरच. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीत सांध्याच्या खाचा असतात आणि पाच-सहा वर्षांचे मूल त्यात बोटे रोवून चढते. पूलच्या बाजूची भिंत गिलावा करून सपाट करा किंवा सांधे चिऱ्याच्या पातळीपर्यंत भरून घ्या. जुन्या भिंतीचे चिरे पावसाळ्यात ढासळतात, तेव्हा दर ऑक्टोबरमध्ये उंची पुन्हा मोजा.

कुंपणाच्या बाहेर ९० सेंटिमीटरचा पट्टा रिकामा हवा. कुंड्या, बाकडे, एसीचे बाहेरचे युनिट, पंपाची पेटी, गॅस सिलिंडरचा कट्टा, तिरपा वाढलेला माड, यांतले काहीही तिथे असले की कुंपणाची उंची तेवढ्याने कमी झाली असे समजा. हा दोष बांधकामाच्या दिवशी नसतो, सहा महिन्यांनी माळी आणि फर्निचर आल्यावर तयार होतो. म्हणूनच एकदाच तपासणी करून भागत नाही.

घराची भिंत चौथी बाजू म्हणून चालेल का? फक्त त्या भिंतीत पूलकडे उघडणारे एकही दार नसेल तर. खिडकी असेल तर ती १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू नये असा स्टॉपर किंवा पक्की ग्रिल हवी. सरकत्या दाराला वर कडी लावली म्हणजे झाले, असे अनेक मालक सांगतात. मोठे माणूस दिवसातून वीस वेळा त्या दारातून ये-जा करते आणि कडी एकदा जरी राहिली तरी कुंपण नाहीसे होते. या मुद्द्यावर पंचायतीने सवलत देऊ नये.

फाटक

कुंपण फुटत नाही, फाटक बिघडते. अपघाताच्या दृष्टीने सर्वांत जास्त काळजी याच भागाची घ्यावी लागते.

फाटक पूलपासून बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे, म्हणजे मुलाने ढकलले तर ते बंदच होते. हात सोडताच आपोआप मिटले पाहिजे आणि कडी आपोआप बसली पाहिजे. कडीचा खटका जमिनीपासून १.५ मीटरवर हवा. खटका खाली, पूलच्या आतल्या बाजूला असेल तर गजांमधून हात घालून तो उघडता येणार नाही असे झाकण लागते.

साध्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात आणि ताण गमावतात. पॉलिमरच्या, ताण कमी-जास्त करता येणाऱ्या बिजागऱ्या घ्या. चुंबकी कडी यांत्रिक कडीपेक्षा बरी, कारण फाटक दोन-तीन मिलिमीटर खाली ओघळले तरी ती बसते. फाटकाचा खांब किमान ४५ सेंटिमीटर खोल काँक्रिटमध्ये घाला. फरशीवर नुसता बोल्टने बसवलेला खांब हलू लागतो आणि मग कडी खाचेत जात नाही.

फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवणे ही सवय पूल साफ करणाऱ्यापासून सुरू होते आणि पाहुण्यांपर्यंत जाते. देखभालीच्या करारातच लिहा: काम करतानाही फाटक बंद.

कुंपणाऐवजी अलार्म किंवा झाकण चालेल का

फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने खासगी पूलसाठी चार पर्याय ठेवले: कुंपण, अलार्म, झाकण किंवा पूलवरचे छप्पर. यांपैकी एक पुरेसे. गोव्यात तो मार्ग घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पाण्याच्या लाटेवर वाजणारा अलार्म जून ते सप्टेंबरच्या पावसात सारखा वाजत राहील आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी तो बंद करेल. शिवाय अलार्म मूल पाण्यात पडल्यावर वाजतो. झाकणावर पावसाचे पाणी साठते आणि तेही बुडायला पुरते. बुडबुड्यांचे निळे प्लास्टिक तर झाकण नव्हेच: त्यावर पाय पडला की मूल खाली जाते आणि प्लास्टिक वरून पुन्हा मिटते, वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. ही साधने कुंपणासोबत जरूर वापरा, त्याच्या जागी नाही.

पाण्याखालचा धोका: तळाची जाळी आणि वीज

पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढतो. एकच जाळी असेल आणि ती सपाट असेल तर मुलाचे पोट किंवा पाठ त्यावर बसून पूर्ण बंद होते आणि ओढ इतकी वाढते की मोठ्या माणसालाही मूल सोडवता येत नाही. केसही जाळीत गुंततात. यावर अमेरिकेत २००७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. उपाय सोपा आहे: एका पंपाला दोन जाळ्या, एकमेकींपासून किमान ९० सेंटिमीटर दूर, घुमटाकार, स्क्रूने घट्ट बसवलेल्या. भिंतीतल्या व्हॅक्यूम पॉइंटला स्प्रिंगचे झाकण हवे. जाळी तुटलेली किंवा निघालेली दिसली तर पंप तत्काळ बंद आणि दुरुस्ती होईपर्यंत पूल बंद. पंपाचा स्विच सर्वांना दिसेल अशा जागी ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘पंप बंद’ लिहा.

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच हवेत, ट्रान्सफॉर्मर पूलपासून दूर. पंप आणि दिव्यांच्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), चालू स्थितीत. पावसाळ्यात तो सारखा ट्रिप होतो म्हणून वायरमनने तो बायपास केलेला नाही ना, हे तपासणीत पाहाच.

खोदाईपासून पाणी भरेपर्यंत

या टप्प्याकडे कोणाचे लक्ष नसते, आणि इथे सर्वांत जास्त धोका असतो तो बांधकाम मजुरांच्या मुलांना. मजूर कुटुंबे साइटवरच राहतात. मे महिन्यात खणलेला खड्डा जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतो. पुढे गळती तपासण्यासाठी पूल पूर्ण भरून सुमारे आठवडाभर ठेवतात, तेव्हाही कुंपण झालेले नसते, कारण ते सगळ्यात शेवटी करायचे असे ठरलेले असते.

म्हणून परवान्यातच अट घाला: खोली ३० सेंटिमीटरच्या पुढे गेली की त्याच दिवशी तात्पुरते कुंपण. पत्रे किंवा वेल्डमेश, १.२ मीटर उंच, कडी असलेले एकच प्रवेशद्वार. हिरवी शेडनेट कुंपण म्हणून धरू नका. काम पावसाळ्यासाठी थांबवणार असाल तर खड्ड्यात उपसा पंप ठेवा किंवा तो भरून टाका.

नियम कोणत्या कागदावर येईल

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे पंचायतीच्या परवानगीशिवाय गावात इमारत बांधता येत नाही. त्याआधी नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी लागते. बांधकाम परवान्याच्या पाठीमागे अटींची क्रमवार यादी असते, हे ज्याने परवाना पाहिला आहे त्याला माहीत आहे. आपली अट त्या यादीत जायची आहे. पालिका क्षेत्रात हेच काम पालिका करते.

ठराव ग्रामसभेतून यावा. सामान्य ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी होतात. जानेवारीची सभा गाठा, म्हणजे उन्हाळ्यातल्या खोदाईआधी अट लागू करता येते. ठरावाचा मसुदा लेखी, सचिवांकडे आधी देऊन पोच घ्या आणि सभेच्या इतिवृत्तात तो शब्दशः आला आहे का ते पुढच्या सभेत वाचून घ्या. ‘पूलसाठी योग्य ती सुरक्षा घ्यावी’ असे मोघम वाक्य इतिवृत्तात आले तर त्यावरून कोणालाही नोटीस देता येणार नाही. मापे आकड्यांत हवीत. मसुदा असा ठेवता येईल:

“३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी धरू शकणाऱ्या प्रत्येक खासगी जलतरण तलावाभोवती, घर व तलाव वेगळे राहतील असे, चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच, १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसलेले व चढता न येणारे कुंपण असावे. फाटक बाहेर उघडणारे, आपोआप मिटणारे व कडी आपोआप बसणारे असावे, खटका १.५ मीटर उंचीवर असावा. हे कुंपण मूळ आराखड्यात दाखवलेले असावे. बांधकाम चालू असताना तात्पुरते कुंपण असावे. कायम कुंपणाची पाहणी झाल्याशिवाय वहिवाट दाखला देऊ नये.”

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. पूर्णत्वाचा दाखला, आरोग्य खात्याची ना-हरकत आणि मग पंचायतीचा वहिवाट दाखला (इमारत वापरायला सुरुवात करण्याची परवानगी), या साखळीत मालक स्वतः पंचायतीकडे येतो. त्या दिवशी कुंपण मागणे सोपे असते. दाखला हातात पडल्यावर दंड, नोटिसा आणि सुनावण्यांत वर्षे जातात.

पंचायत मंडळाने ग्रामसभेचा ठराव स्वीकारल्यावर त्याची प्रत गटविकास अधिकारी, पंचायत संचालनालय, नगर नियोजन खात्याचे तालुका कार्यालय आणि आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची नोंदणी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे होते, म्हणून एक प्रत तिकडेही द्या.

आधीपासून असलेले पूल

इथे वहिवाट दाखल्याची चावी हातात नसते, त्यामुळे कामाची पद्धत वेगळी. आधी नोंदवही. प्रभागातील पंच, आशा सेविका आणि पाणीपट्टीच्या नोंदी यांतून यादी बनते. उपग्रह नकाशावर निळे चौकोन स्पष्ट दिसतात, त्यावरून ती ताडून पाहा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये प्रत्येक घरगुती पूल राज्याच्या नोंदवहीत नोंदवावा लागतो आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना पूलचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते तीन वर्षे चालते. आपल्याकडे गावपातळीवरची साधी नोंदवहीही पुष्कळ काम करील.

मालकाला पत्र द्या: ३० दिवसांत तात्पुरते जाळीचे कुंपण, सहा महिन्यांत कायमचे. फरशीत भोके पाडून खांब रोवायचे काढता येणारे जाळीचे कुंपण मिळते. ते तात्पुरते म्हणूनच स्वीकारा, कारण पार्टीसाठी एकदा काढले की ते परत लागत नाही.

पाहणी कशी करावी

सोबत पाच मीटरचा टेप, बरोबर १० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा आणि छापील फॉर्म.

१. घराच्या प्रत्येक दारातून निघून पाण्याकडे चाला. वाटेत आपोआप बंद होणारे फाटक लागले नाही असे एक जरी दार सापडले तरी पाहणी नापास.

२. फाटक पूर्ण उघडून सोडा. मग अर्धे. मग कडीपासून बोटभर अंतरावर धरून सोडा. तिन्ही वेळा न ढकलता कडी बसली पाहिजे. शेवटच्या चाचणीतच बहुतेक फाटके नापास होतात.

३. ठोकळा गजांमध्ये, खालच्या फटीत आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना घालून पाहा. कुठूनही आरपार जाता कामा नये.

४. कुंपणाची उंची चारही बाजूंना बाहेरून मोजा, विशेषतः उतारावर. फरशी नंतर उंच केली असेल तर उंची तिथे कमी भरते.

५. गज खालून हाताने हलवून पाहा. बाहेरचा ९० सेंटिमीटरचा पट्टा बघा.

६. तळाच्या जाळ्या मोजा, पंप चालू-बंद करून पाहा, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा.

७. प्रत्येक बाजूचा फोटो, तारखेसह, फाइलला लावा.

पाहणी पर्यटन हंगामाआधी, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात करा. पावसाने केलेले नुकसान तेव्हाच दिसते. कमतरता असेल तर ‘कुंपण दुरुस्त करावे’ असे न लिहिता ‘पश्चिमेकडील फाटकाची कडी बसत नाही, सात दिवसांत दुरुस्त करावी’ असे लिहा.

भाड्याचा व्हिला आणि अपघाताची वेळ

पाहुणे तीन दिवसांसाठी येतात, मुलांना जागा नवी असते आणि पहिल्या तासात मोठी माणसे सामान लावण्यात गुंतलेली असतात. केअरटेकरने किल्ली देतानाच फाटक उघडून-मिटून दाखवावे. पूल वापरून झाल्यावर रंगीत खेळणी पाण्यातून काढून ठेवावीत. मूल त्यांच्या मागे जाते. भिंतीवर हुक लावून लांब दांडा आणि दोरी बांधलेली रिंग ठेवावी. पूलजवळच्या फलकावर घराचा पूर्ण पत्ता, वाडा आणि जवळची ओळखीची खूण मराठीत, इंग्रजीत आणि हिंदीत लिहावी, कारण बाहेरून आलेल्या माणसाला रुग्णवाहिकेला पत्ता सांगता येत नाही.

मूल दिसत नसेल तर आधी पाणी पाहा, मग घर. बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, गोल फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. मूल पाठीवर झोपवा. श्वास नसेल तर लगेच पाच कृत्रिम श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती एक तृतीयांश खोल जाईल इतक्या जोराने. दुसऱ्या माणसाने १०८ वर फोन लावावा आणि रस्त्यावर जाऊन उभे राहावे. केअरटेकर आणि पूल साफ करणाऱ्याला हे प्रशिक्षण हंगामाआधी दिलेच पाहिजे. मूल शुद्धीवर आले, रडू लागले तरी ते घरी ठेवू नका. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ), जे जवळ असेल तिथे न्या आणि मूल पाण्याखाली किती वेळ होते ते डॉक्टरांना सांगा.